वायफाय तुटतंय? आधी लाईन अर्धी करा

माझी ३२ वर्षं टेलिफोनच्या केबलांमध्ये गेली. फॉल्ट आला की आमच्याकडे एकच रीत होती, लाईन अर्धी करायची. एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या सगळ्या लाईनींच्या मुख्य फळीवर टेस्ट घेतली, बाहेर ४८ व्होल्ट जाताहेत? मग एक्स्चेंज सुटलं. पुढे पिलर (रस्त्याकडेचं केबलचं कपाट), मग डीपी (इमारतीजवळची जोडणीची पेटी), शेवटी घरातला रोझेट (भिंतीवरची फोनची डबी). दर वेळी प्रश्न तोच, दोष ह्या बाजूला की त्या? तांब्याच्या जोड्या गेल्या आणि काचेचा धागा आला, तरी घरचं वायफाय मी ह्याच रीतीने ताळ्यावर आणलं.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ नवव्या मजल्यावर राहतो. सून आठवड्यातले तीन दिवस मागच्या बेडरूममध्ये बसून ऑफिसचं काम करते. "बाबा, मी इकडे बोलत असते आणि तिकडे सगळ्यांना माझं नुसतं उघडं तोंड दिसतं," म्हणाली. मुलगा म्हणाला, नवा राउटर आणू. म्हटलं, थांब जरा, नाडी तर बघू दे.

आधी नोंद ठेवा. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो, त्याच चौकोनांत मी लिहायला लागलो: नेट किती वाजता गेलं, कुठल्या खोलीत गेलं, राउटरवर कुठला दिवा कसा होता. "सारखं जातं" असं सगळे म्हणतात, पण सारखं काही जात नाही. नऊ दिवसांत तीन वेळा स्पष्ट निघाल्या. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, दुपारी एकच्या सुमाराला आणि रात्री नऊनंतर. म्हणजे एकाच घरात तीन फॉल्ट नांदत होते, म्हणून तर कोणाला पत्ता लागत नव्हता.

नेट गेल्या गेल्या राउटर बंद-चालू करायची घाई नको. त्याने कधी कधी बरं वाटतं, पण पुरावाही जातो. आधी दिवे बघा. फायबरच्या डब्यावर (आमच्याकडे तोच राउटर) पॉन नावाचा, फायबरची जोडणी दाखवणारा दिवा हिरवा स्थिर हवा. एलओएसचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. मग वायफायशी खेळण्यात अर्थ नाही. सगळेच दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर अडॅप्टरवर संशय घ्या. बदली अडॅप्टर आणाल तर व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. मागचं टाचणीचं भोक, रीसेटचं, त्याला हात लावू नका. आमच्या खालच्या मजल्यावर एकांनी दाबलं. कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड सगळं पुसलं गेलं आणि माणूस येईपर्यंत दोन दिवस कोरडे गेले.

दिवे ठीक असूनही नेट अडखळत असेल तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत पिंग लिहा, एक जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि टी. पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असतो, नाहीतर राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर सापडतो. दुसऱ्या खिडकीत तसंच ८.८.८.८ लावा, तो गूगलचा पत्ता. पहिली खिडकी म्हणजे लॅपटॉप ते राउटर, दुसरी म्हणजे लॅपटॉप ते बाहेरचं जग. झाली लाईन अर्धी. पहिल्या खिडकीत दोन-चार मिलिसेकंदांवरून आकडे एकदम शेकड्यांत उडायला लागले, किंवा मधूनमधून उत्तरच आलं नाही, तर दोष घरात, वायफायमध्ये. पहिली शांत आणि दुसरी तडफडतेय, तर दोष राउटरच्या पुढे. खात्रीसाठी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून तीच परीक्षा पुन्हा घ्या.

आता सकाळच्या सात-दहाची गोष्ट. रोज लाल दिवा, मिनिट-दोन मिनिटं नेट गायब, मग आपोआप परत. शनिवार-रविवारी मात्र काही नाही. नातवाची शाळेची बस सव्वासातला येते एवढं डोक्यात होतं, पण जोडणी लागत नव्हती. एक दिवस दाराजवळ स्टूल टाकून बसलोच. पोरगं आलं, चपलांचं कपाट उघडलं, बूट काढले आणि लाथेने झाकण बंद केलं. डब्यावर लाल. कपाट पुढे ओढलं तर मागे फायबरची वायर भिंत आणि फळीच्या मध्ये चेपलेली, पोस्टकार्ड दुमडावं तशी. तांब्याची तार दुमडली तरी करंट जातो. काचेच्या धाग्यात प्रकाश धावतो, तीव्र वळणावर तो बाहेर सांडतो. आधीच कमी पोचत होता, त्यात झाकणाच्या हिसक्याने उरलासुरला जायचा. कपाट चार बोटं पुढे घेतलं, वायर थाळीएवढ्या मोठ्या वेटोळ्यात भिंतीला लावली. सात-दहाची नोंद तिथे संपली.

ह्याचा आकडाही मिळतो. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून उघडणाऱ्या पानावर ऑप्टिकल माहितीत आरएक्स पॉवर असते, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये. आमची वजा २६ च्या खाली होती, दुमड सरळ केल्यावर वजा २१ झाली. हा आकडा वजा २७ च्या पलीकडे जायला लागला की डबा प्रकाश ओळखेनासा होतो. हिरव्या टोकाचं कनेक्टर मात्र उगाच उपसू नका, उपसलंत तर टोकाला बोट किंवा पदर लावू नका, आणि डोळा लावून तर अजिबात बघू नका. आतला लेझर दिसत नाही, पण असतो.

दुपारचा एक म्हणजे जेवण गरम करायची वेळ. आमचा राउटर दाराजवळ, सून मागच्या खोलीत, आणि मध्ये स्वयंपाकघर. मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, वायफायचा जुना पट्टा २.४ चा. आमटीची वाटी फिरेपर्यंत सुनेची मीटिंग गोठायची. सौ.ला मायक्रोवेव्ह लावायला सांगून मी पिंगसमोर बसलो: आकडा ४ वरून ३८०, मग उत्तर नाही, टिंग वाजली की पुन्हा ४. बायकोला वाटलं ह्यांना लागलंय काहीतरी.

त्यावर इलाज ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली आणि लॅपटॉप पाचला जोडला. पण पाचचा पट्टा भिंतीला बिचकतो, आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडे तो मेटाकुटीला येतो. म्हणून राउटर हलवला. टीव्हीच्या शोकेसमध्ये स्टीलच्या भांड्यांमागे होता, तो छातीएवढ्या उंचीवर पॅसेजच्या तोंडाशी उघडा लावला. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी ह्यांच्या मागे राउटर ठेवू नये. लोखंड आणि आरशामागचा मुलामा लहरी परतवतात, पाणी त्या पिऊन टाकतं.

मोबाइलवर वायफाय ॲनालायझरचं ॲप उघडलं तर आमच्या हॉलमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांची २६ नेटवर्कं दिसली. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ह्यातलं कमी गर्दीचं घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. रिकामं दिसतंय म्हणून ३ किंवा ४ घेणं म्हणजे दोन लेनच्या मधल्या पट्ट्यावरून रिक्षा चालवणं, दोन्हीकडून शिव्या.

रिपीटर आणायचा मोह आम्हालाही झाला. लोक तो जिथे नेट नाही त्या खोलीत लावतात. तिथे जे पोचतच नाही ते तो पुढे काय पाठवणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, आणि एकाच पट्ट्यावर ऐकून बोलत असेल तर वेग साधारण निम्मा होतो हे धरून चाला. मी सरळ पॅसेजच्या वरच्या कोपऱ्यातून सुनेच्या खोलीपर्यंत १८ मीटर कॅट-६ लॅन केबल नेली. केबल घेताना आत शुद्ध तांबं आहे का विचारा, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम स्वस्त मिळतं आणि टोकाला तुटतं. क्रिंपिंग, म्हणजे टोकाला प्लग बसवणं, स्वतः केलं. तारांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडीचा पीळ टोकाशी जेमतेम अर्धा इंच सोडायचा. पहिल्या खेपेला चष्मा न लावता केलं, तपकिरी तार नीट बसली नाही आणि वेग १०० एमबीपीएसला अडकला. आठपैकी चारच तारांवर काम भागतंय, ह्याची ती खूण. टोक कापून पुन्हा केलं.

राहिले रात्री नऊ. केबलवर बसूनही राउटर ३ मिलिसेकंदांत उत्तर देतो आणि ८.८.८.८ गुडघे टेकतं, रोज साडेअकरापर्यंत. म्हणजे हे कंपनीच्या बाजूचं. त्यांना फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका, लगेच राउटर बंद करून बघा म्हणतील. मी तारीख, वेळ, दोन्ही पिंगचे आकडे आणि आरएक्स पॉवर वाचून दाखवतो, केबलवर तपासलंय हे आधी सांगतो आणि तक्रार नंबर घेतो. दुसऱ्या नंबरनंतर त्यांचा वरचा माणूस स्वतःहून फोनवर आला. काम चालू आहे म्हणतात. ते होईपर्यंत सून रात्रीचा कॉल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेते, आणि तक्रार नंबरांच्या गर्दीत परवाचं दूध एक लिटर की दीड, हे सौ.ला वाचता येत नाहीये.