ब्लॅडर कॅन्सरच्या जीन एक्स्प्रेशनवर डेझर्टेशन करताय? आधी नॉर्मल सॅम्पल बघा

नाशिकमधून एमएस्सी बायोटेक करताना मला हा विषय (मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये कुठले जीन किती चालू आहेत ते बघणं) मिळाला तेव्हा सगळ्यात आधी घरून प्रश्न आला, पेशंट कुठून आणणार? पेशंट लागत नाहीत हो, टीसीजीए या अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा डेटा फुकट मिळतो, गंगापूर रोडवरच्या रूमवर बसून साध्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर होतं. फक्त सिक्वेन्सिंगच्या रॉ फाइल्सच्या नादी लागू नका, तयार काउंट्स, म्हणजे प्रत्येक जीनचे किती रीड्स मोजले ते आकडे घ्या.

आता मुद्द्याचं. ट्यूमर चारशेच्या वर आहेत आणि नॉर्मल फक्त १९. सॅम्पलचा बारकोड म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, त्याच्या चौथ्या तुकड्यात ०१ म्हणजे ट्यूमर, ११ म्हणजे नॉर्मल. हे नॉर्मल त्याच पेशंटच्या ट्यूमरशेजारचे असतात, म्हणून जोडीने तुलना करता येते, मॉडेलच्या डिझाइनमध्ये पेशंट हाही घटक घाला. दोन गटांत कुठले जीन बदलले ते शोधणाऱ्या डीईसेक-टू या सॉफ्टवेअरला रॉ काउंट्सच (वरचे तयार आकडे, काही न बदलता) द्यायचे, जीनच्या लांबीप्रमाणे बदललेले एफपीकेएम आकडे नाही, हे सिनियर सांगतीलच.

रिझल्ट आला की सगळे खूश, व्होल्कॅनो प्लॉट (कुठला जीन किती वाढला-घटला आणि ते किती खात्रीचं, याचा आलेख) मस्त दिसतो. ट्यूमरमध्ये वाढलेल्या जीनमध्ये टॉप२ए, सीडीके१, यूबीई२सी, म्हणजे पेशी भराभर विभागतायत, हे बरोबरच आहे. पण कमी झालेले बघा, डीईएस, एमवायएच११, सीएनएन१, एसीटीजी२, हे सगळे स्नायूचे जीन! मूत्राशयाच्या भिंतीत स्नायूचा जाड थर असतो, नॉर्मल तुकड्यात तो आला आणि ट्यूमर तर आतल्या अस्तरापासून होतो, मग ट्यूमरमध्ये स्नायूचे जीन कमी दिसणारच ना. कॅन्सरने ते बंद केले असं लगेच लिहून मोकळं व्हायचं नाही. किती पेपरमध्ये हेच 'ट्यूमर सप्रेसर' (कॅन्सर रोखणारे जीन) म्हणून छापून येतं, मला तर वाचून हसूच येतं. व्हायव्हाला एक्स्टर्नल हुशार असला तर पहिला प्रश्न इथेच येणार.

अजून एक, टीसीजीएतले ट्यूमर स्नायूपर्यंत घुसलेले आहेत, आणि नव्याने सापडणाऱ्या केसेसमध्ये बहुतेक तशा नसतात, म्हणून टायटलमध्ये नुसतं 'ब्लॅडर कॅन्सर' लिहू नका.

जीटेक्स या निरोगी ऊतींच्या डेटाबेसमधले नॉर्मल आणून आकडा वाढवायचा मोह होतो, पण बॅच इफेक्ट, म्हणजे वेगळ्या ठिकाणी वेगळ्या पद्धतीने मोजल्यामुळे येणारा फरक, डोकं खातो. त्यापेक्षा जीईओ या खुल्या डेटाबेसवरचा जीएसई१३५०७ हा संच वेगळा तपासायला घ्या, कोरियाचा मायक्रोअ‍ॅरे (चिपवर जीन मोजायची पद्धत) डेटा आहे, त्यात नॉर्मल म्हणजे म्यूकोसा, आतलं अस्तर, तिथेही टिकतील तेवढेच जीन चर्चेत ठेवा.