कुत्र्याच्या अंगावरची गोचीड कशी काढायची
पावसाळा लागला की आमच्या मोतीच्या कानामागे गोचीड हमखास, परवा तर पंजाच्या बेचक्यात तुरीच्या डाळीएवढी फुगलेली सापडली. रॉकेल, पेटती काडी असले उद्योग नकोच, कुत्रं भाजतं आणि गोचीड तशीच! टोकदार चिमटा घ्या, कातडीला टेकवून पकडा आणि पीळ न देता हळूच सरळ वर ओढा, मग तिथे बीटाडीन लावा. नखाने चिरडू नका. पुढचे 2-3 आठवडे लक्ष ठेवा, ताप आला, खाणं सोडलं किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थेट डॉक्टर. आणि हो, कुत्र्याचं परमेथ्रिनवालं (गोचीड मारणारं रसायन) औषध मांजरीला चुकूनही नको, जीव जाऊ शकतो तिचा.