निवडणुकीचं पत्रक आधी तळापासून वाचा

वेंगुर्ल्याच्या बाजारात आमचा छापखाना आहे. सासऱ्यांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला, आता ऑफसेट आहे आणि बाजूला झेरॉक्स. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशावताराची हँडबिलं हे आमचं वर्षभराचं काम. निवडणूक लागली की पत्रकं येतात. कोण कोणाविरुद्ध काय छापायला आणतं, हे मला मजकूर जुळवतानाच कळतं. म्हणून मतदाराने विरोधी प्रचार कसा वाचावा, हे सांगायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. विरोधी प्रचार म्हणजे सगळा गलिच्छपणा, असं नाही. पाच वर्षं सत्तेत असलेल्या माणसाने काय केलं नाही, हे त्याचा विरोधकच सांगणार. ते आपल्याला कळायलाच हवं. निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेतही धोरणांवर, कार्यक्रमांवर, आधीच्या कामगिरीवर टीका करायला मोकळीक आहे. मनाई आहे ती सार्वजनिक कामाशी संबंध नसलेलं खासगी आयुष्य उकरायला, शहानिशा न केलेले आरोप करायला आणि जातीधर्माच्या नावाने मत मागायला. टीका जरूर वाचा, फक्त ती कोण करतंय हे आधी बघा.

त्यासाठी पत्रक हातात आलं की नजर थेट तळाला न्या. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधल्या कलम १२७ क प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता छापावाच लागतो. उमेदवाराला निवडून आणायला काढलेलं पत्रक असो की पाडायला काढलेलं, नियम एकच. छापून घेणाऱ्याने सहीचं घोषणापत्र द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर साक्ष द्यायची, आणि छापलेली प्रत त्या घोषणापत्रासह आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हाताने नक्कल करणं सोडून प्रती काढायची कुठलीही रीत कायद्याने छपाईच धरली आहे, म्हणजे झेरॉक्ससुद्धा त्यात आलं. हे झेरॉक्सवाल्या पोरांना कोणी सांगत नाही आणि रात्री उशिरा येणारं गिऱ्हाईक त्याचाच फायदा घेतं. "ताई, खालची ओळ तेवढी काढा" असं म्हणणारे माझ्याकडेही येतात. मी काम परत करते. ज्याला आपलं नाव खाली नको, त्याला वरच्या मजकुराची जबाबदारीही नको असते. तळ कोरा असेल तर त्या पत्रकातलं एक अक्षरही धरू नका, मग ते तुमच्या नावडत्या उमेदवाराविरुद्ध का असेना.

नाव असेल तर मजकुराकडे वळा, आणि एकेक वाक्य सुटं करा. नमुन्यादाखल आपल्या भागात कायम फिरणारी चार वाक्यं घेऊ: "यांनी हायवे रखडवला. यांनी मच्छीमारांना विकलं. यांनी निधी खाल्ला. यांचे धंदे यांच्या घरच्यांना विचारा."

हायवेचं वाक्य. मुंबई–गोवा महामार्ग हा राष्ट्रीय महामार्ग ६६, तो केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाखाली येतो. चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, सरकारं बदलली आणि खड्डे तेच राहिले. हा प्रश्न खासदारकीच्या उमेदवाराला आधी लागू. आमदाराला विचारायचं ते वेगळं: तुम्ही सभागृहात कधी बोललात? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, आमदार, खासदार यांपैकी हे काम कोणाचं, एवढं विचारलं तरी निम्मी पत्रकं तिथेच ढिली पडतात.

मच्छीमारांचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात खरी वेदना आहे. पर्ससीन (मोठ्या बोटीने अख्खा थवा घेरणारं जाळं) आणि एलईडीच्या मासेमारीने पारंपरिक रापणवाल्यांचं (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचं), छोट्या होडीवाल्यांचं काय झालं, हे आमच्या बंदरावर कोणालाही विचारा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, त्यापुढे केंद्राचा. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, आणि राज्याने आपला १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा २०२१ मध्ये सुधारून दंड वाढवले. मग "विकलं" म्हणजे नेमकं काय केलं? कारवाई थांबवली? कुठल्या बंदरात, कधी? विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सभागृहाचं कामकाज मिळतं, आमदाराने हा विषय काढला होता का ते तिथे शोधता येतं. तारीख, ठिकाण, निर्णय यांपैकी काहीच पत्रकात नसेल तर ते तुमच्या दुःखावर मत मागतायत.

निधीचं वाक्य. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी असतात, पण ते त्याच्या हातात पडत नाहीत. तो कामं सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनातून होतो, आपल्याकडे ओरोसहून, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयातून. कागदावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) जागेवर नाही, असं होऊ शकतं. म्हणून पत्रकवाल्याला कामाचं आणि वाडीचं नाव विचारा. माहिती अधिकारात दहा रुपयांत अर्ज होतो, पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. प्रचार सुरू झाल्यावर केलेला अर्ज मतदानाआधी हाती लागत नाही, तो आधीच टाकून ठेवावा लागतो.

चौथं वाक्य फेकून द्या. त्यात आरोपही नाही, नुसती चिखलफेक आहे. उमेदवाराने किंवा त्याच्या एजंटाने विरोधकाच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं छापलं, तर त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३ (४) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूक रद्दसुद्धा होऊ शकते.

"गुन्हेगार" असा शिक्का दिसला तर उमेदवाराचं शपथपत्र काढा. नमुना २६ मध्ये प्रलंबित गुन्हे, शिक्षा, मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी सगळं लिहावं लागतं, आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. एफआयआर दाखल होणं, आरोप निश्चित होणं आणि शिक्षा होणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, शपथपत्रात त्या वेगळ्या दिसतात. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एकाच तराजूत घालू नका.

नावांचा घोळही असतो. २०१४ मध्ये रायगड लोकसभेत अनंत गीते २,११० मतांनी निवडून आले. त्यांच्याविरुद्ध सुनील तटकरे होते, आणि त्याच नावाच्या एका अपक्षाने नऊ हजारांहून जास्त मतं घेतली. २०१५ पासून मतपत्रिकेवर फोटो येतो तो अशा घोळासाठीच. यंत्रासमोर नाव, चिन्ह, फोटो तिन्ही बघा.

आता मोबाइल. मासळी घेऊन येणारी आमची काकी एकदा फोन पुढे करून म्हणाली, "ह्या खरां काय गो बाय?" क्लिपमध्ये उमेदवाराच्या आवाजात कोळ्यांना शिव्या होत्या. मी तिला म्हटलं, हे कुठल्या सभेतलं, तिथे कोण होतं, पुढचं-मागचं बोलणं कुठे आहे, ते पाठवणाऱ्याला विचार. पाठवणारा मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवरचा, त्याला दुसऱ्या ग्रुपवरून आलेली. चाकरमानी मंडळींना माझं हेच सांगणं आहे: तुम्ही लालबागेत बसून पुढे ढकललेली क्लिप इथे वाडीत "मुंबईहून इली" म्हणून खरी मानली जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रचार मजकुरावर तसं ठळक लिहावं, असं आयोगाने पक्षांना बजावलंय. पण लेबल नाही म्हणून क्लिप खरी, असं कधी समजू नका. फेसबुकवर पैसे देऊन चालवलेली जाहिरात असेल तर मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत पैसे कोणी भरले ते दिसतं. पेजचं आधीचं नाव काय होतं, तेही पेजच्या माहितीत बघा.

मतदानाआधीच्या ४८ तासांत येणाऱ्या नव्या आरोपावर मत बदलू नका. जाहीर प्रचार तेव्हा बंद झालेला असतो, उत्तर द्यायला समोरच्याकडे सभा उरत नाही. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी वर्तमानपत्रात यायची राजकीय जाहिरातसुद्धा जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते, ती याचसाठी.

तक्रार करायची तर लोकसभा-विधानसभेला सी-व्हिजिल अ‍ॅप आहे. फोटो किंवा व्हिडिओ अ‍ॅपमधूनच जागेवर काढायचा, गॅलरीतला चालत नाही. नाव न देताही तक्रार करता येते आणि शंभर मिनिटांत दखल घेण्याची व्यवस्था आहे. माहितीसाठी १९५० ही हेल्पलाइन. जिल्हा परिषद, नगरपरिषद, ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे आपल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या. क्लिपची तक्रार असेल तर पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. आणि निनावी पत्रक रागाने फाडू नका. कुठे, कधी, कोणाकडून मिळालं ते त्याच्या पाठीवर पेनने लिहून ठेवा, अर्जाला तेच जोडायचं असतं.