पेंटाटॉनिकसाठी एकच आकृती
मांडो या गीतप्रकाराच्या साथीपुरत्या गिटारच्या कॉर्ड येणाऱ्या आपल्या गोव्यातील अनेकांचा हात मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच स्वरांची सरगम, वाजवताना पाचव्या फ्रेटच्या (मानेवरील आडव्या पट्टीच्या) चौकटीतच अडकतो. ए मायनरसाठी सर्वांत जाड, म्हणजे सहाव्या तारेवर ५ व ८ आणि पाचव्या तारेवर ५, ७ व १० हे फ्रेट वाजवावेत. हीच पाच स्वरांची आकृती चौथ्या-तिसऱ्या तारांवर दोन फ्रेट पुढे, सातव्यापासून, आणि दुसऱ्या-पहिल्या तारांवर आणखी तीन फ्रेट पुढे, दहाव्यापासून, जशीच्या तशी बसते. पाचव्या तारेवर ७ वरून १० वर बोट न उचलता घसरवावे. गाणे शिकलेल्यांनी सोबत सा, कोमल ग, म, प, कोमल नी म्हणावे. हे धानी रागाचेच स्वर असल्याने कान चूक लगेच पकडतो. मात्र नायलॉन तारांच्या गिटारची मान बहुधा १२व्या फ्रेटपाशी खोक्याला मिळते, तेव्हा तिच्यावर आकृतीतल्या शेवटच्या, पहिल्या तारेवरच्या १५व्या फ्रेटचा हट्ट धरू नये.