पुण्यात पहिल्या वर्षी राहायचे कुठे?

अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांत महाविद्यालय निश्चित होते तेव्हा वर्ग सुरू होण्यास फारच थोडा अवधी उरलेला असतो आणि वसतिगृहाची यादी बहुधा त्याच्याही नंतर लागते. लातूर, नांदेड, जळगाव अशा जिल्ह्यांतून येणारे पालक मग एक-दोन दिवसांच्या मुक्कामात वर्षभराची सोय लावूनच परतायचे, असे ठरवून येतात. नेमके हेच टाळावे, असे पुण्यात शिक्षण पूर्ण केल्यावर माझे मत झाले आहे. पहिल्या वर्षाची जागा निवडताना खोली किती चांगली आहे यापेक्षा, ती न मानवल्यास किती कमी नुकसानीत सोडता येईल, हे आधी पाहावे.

महाविद्यालयाचे वसतिगृह मिळत असेल तर पहिल्या वर्षी दुसरा विचार करू नये. ते स्वस्त पडते, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर असते आणि वरच्या वर्गातील मुलांच्या वह्या मिळतात. रॅगिंगच्या भीतीने अनेक पालक वसतिगृह नाकारतात. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनुसार नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो स्वतंत्र इमारतीत ठेवणे अपेक्षित आहे, आणि ते तसे ठेवले जातात का, हे रेक्टरांना स्पष्ट विचारता येते. यादीत नाव नसले तरी अर्ज मागे घेऊ नये. पुढच्या फेरीत दुसरे महाविद्यालय मिळालेली मुले निघून जातात आणि त्यांच्या जागा रिकाम्या होतात.

तोपर्यंत राहण्यासाठी सदाशिव, नारायण किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतील एका खाटेपुरती, महिन्याच्या बोलीने जागा पाहावी. स्पर्धा परीक्षेच्या मुलांमुळे तेथील दर चढे आहेत, हे खरे. पण खाणावळी, अभ्यासिका आणि बस यांची सोय पायाशी असते. याउलट अनेक खासगी वसतिगृहे वर्षाचे पैसे एकरकमी मागतात. ते देण्यापूर्वी मध्येच सोडल्यास किती परत मिळतील, डिपॉझिटमधून काय कापले जाईल आणि किती दिवस आधी कळवावे लागेल, हे लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही. चार-पाच जणांनी मिळून फ्लॅट घ्यायचा असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार सहसा 11 महिन्यांचा असतो. महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे. करारात सर्वांची नावे असावीत, नाहीतर एक जण सोडून गेला की त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो.

जागा पाहायला सकाळी आंघोळीच्या वेळी जावे आणि मालकाआधी तेथे राहणाऱ्या मुलांशी बोलावे. नऱ्हे, आंबेगाव, वाघोली या झपाट्याने वाढलेल्या भागांत जुलैमध्ये पाण्याचा प्रश्न दिसत नाही. म्हणून मे महिन्यात टँकर येतात का आणि त्याचे पैसे कोण देतो, हे विचारलेले बरे. मेसमध्ये एकदा जेवून पाहावे. खाडे धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात का, सलग किती दिवसांचे धरतात आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का, हे क्षुल्लक वाटणारे प्रश्न महिन्याच्या खर्चात बराच फरक पाडतात. मुलींच्या वसतिगृहांत रात्री परतण्याची वेळ आणि ग्रंथालयाची वेळ जुळते का, तेही तपासावे.

खर्च झेपणार नसेल तर शासकीय वसतिगृहाचा अर्ज मुदतीत भरावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना लागू होऊ शकते. तिच्यात पुण्यासारख्या शहरासाठी भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला 60,000 रुपयांची तरतूद आहे. रक्कम नंतर खात्यात जमा होते, त्यामुळे पहिले काही महिने पदरचा पैसा लागतो. ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींसाठी 1955 साली स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समितीही पुण्यात वसतिगृहे चालवते. तेथे निव्वळ गुणांपेक्षा घरच्या परिस्थितीला महत्त्व आहे.

एवढे करूनही जागा मानवली नाही, तर दिवाळीच्या सुमारास बदलावी. तोपर्यंत वर्गात ओळखी झालेल्या असतात आणि कोणाच्या खोलीत कॉट रिकामी होणार आहे, हे दलालाआधी आपल्याला कळते.