उबुंटू २२.०४ वरून पायथन २ काढताना

पायथन २ (या प्रोग्रॅमिंग भाषेची जुनी आवृत्ती) चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. उबुंटू (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीम) २४.०४ च्या रेपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या अधिकृत साठ्यात तर ते नाहीच. तरी जुन्या सर्व्हरवर ते ठाण मांडून बसलेलं असतं, कारण कुठली तरी विसरलेली स्क्रिप्ट त्याच्या जिवावर चालते. पॅकेज उडवायला मिनिटही लागत नाही. वेळ जातो तो ही स्क्रिप्ट शोधण्यात.

/ऑप्ट, /यूएसआर/लोकल/बिन आणि सगळ्यांच्या होम डिरेक्टरीत ग्रेप (फाइलींमधला मजकूर शोधणारी कमांड) चालवा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'पायथन२' असेल ती घ्याच, पण नुसतं 'पायथन' असेल तीही घ्या. पूर्वी त्याचा अर्थ २ असाच होता. क्रॉनटॅब (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) प्रत्येक यूजरचा वेगळा असतो, रूटचा बघून थांबू नका.

स्क्रिप्ट पायथन ३ वर आणताना प्रिंटला कंस नसेल तर ती चालतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच सापडते. घात करतो भागाकार. ७/२ चं उत्तर जुन्यात ३, नव्यात ३.५. एरर येत नाही, हिशेब मात्र गुपचूप बदलतो. पूर्णांकच हवा असेल तिथे दोन तिरप्या रेघा द्या.

लगेच अनइन्स्टॉल करू नका. /यूएसआर/बिन मधल्या पायथन२.७ ची एक्झिक्यूट (चालवण्याची) परवानगी चमॉड कमांडने काढा आणि महिनाभर लॉग बघा. आठवडा पुरत नाही, महिनाअखेरीचे जॉब तेवढ्यात येतातच असं नाही. काही अडलं तर परवानगी परत देणं सेकंदाचं काम.

महिना शांत गेला की परवानगी परत द्या (काढताना पॅकेजच्या स्वतःच्या स्क्रिप्ट चालतात) आणि 'पायथन२.७-मिनिमल' वर ॲप्ट-गेट पर्ज (पॅकेज सेटिंगसकट काढणारी कमांड) चालवा, पण आधी सिम्युलेट पर्यायासह, म्हणजे खरोखर न काढता काय काय जाईल ते दिसतं. जाणाऱ्या पॅकेजांची यादी ओळ न ओळ वाचा. तिथे 'पायथन३' दिसलं तर हात आवरा: उबुंटूची कितीतरी स्वतःची टूल्स त्याच्यावर उभी आहेत. उरलेल्या लायब्ररी ऑटोरिमूव्हने (आता कुणालाच न लागणारी पॅकेजं काढणारी कमांड) जातात. त्याचीही यादी वाचूनच होकार द्या.

आरएमने (फाइल पुसणारी कमांड) बायनरी, म्हणजे पायथनची मूळ फाइल उडवू नका. डीपीकेजीच्या (पॅकेजांची नोंद ठेवणारं टूल) लेखी पॅकेज तसंच राहतं आणि पुढच्या अपडेटला फाइल परत येऊ शकते. उलट पिपने (पायथनचं स्वतःचं पॅकेज टूल) टाकलेलं सामान ॲप्टला माहीतच नसतं, /यूएसआर/लोकल/लिब/पायथन२.७ हे फोल्डर तपासून हातानेच काढावं लागतं. सोर्समधून बिल्ड केलेली प्रतही तशीच.

नुसती 'पायथन' कमांड हवी असेल तर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) हाताने करू नका, 'पायथन-इज-पायथन३' हे पॅकेज टाका.