लसीची कसोटी प्राण्यांवर घेताना

नाशिकच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने जिवाणूजन्य रोगावरील लसीचा प्रकल्प हाती घेतला, तर उंदरांची संख्या ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवावा: लसीने आजार रोखायचा आहे, की जंतूचे शरीरातील वास्तव्यच?

हा भेद डांग्या खोकल्याने चांगला शिकवला. 1940 च्या दशकात अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पर्ल केंड्रिक यांनी बसवलेल्या चाचणीत उंदरांना लस देऊन काही दिवसांनी जंतू थेट मेंदूत टोचले जात आणि किती उंदीर जगले ते मोजले जाई. मुलांना संसर्ग असा होत नाही. तरीही हे निकाल ब्रिटनमधील मुलांवरच्या चाचण्यांशी जुळले, म्हणून पूर्णपेशी लसीसाठी, म्हणजे अख्ख्या मारलेल्या जंतूंच्या लसीसाठी, ती पद्धत प्रमाण ठरली. जंतूचे फक्त निवडक शुद्ध घटक असलेल्या पेशीविरहित लसीला मात्र ती नीट लागू पडली नाही. पुढे बबून माकडांवरील, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेशीविरहित लस घेतलेले प्राणी आजारी पडले नाहीत, पण जंतू त्यांच्या नाक-घशात टिकले आणि इतरांकडे पसरले. केवळ आजाराची लक्षणे मोजली असती, तर हे कळलेच नसते.

प्रश्न ठरल्यावर प्रमाणीकरण. जंतूचा वाण एकाच गोठवलेल्या साठ्यातून घ्यावा आणि टोचलेल्या द्रावणातील जिवंत जंतू त्याच दिवशी वसाहती (पोषक माध्यमावर एकेका जंतूपासून वाढणारे ठिपके) मोजून तपासावेत. केवळ गढूळपणावरून मात्रा धरू नये, कारण मेलेले जंतूही द्रावण गढूळ करतात. ज्ञात क्षमतेची संदर्भ लस प्रत्येक चाचणीत, अनेक मात्रांत, नव्या लसीच्या बरोबरीने द्यावी. लसीऐवजी फक्त सहायक द्रव्य (लसीचा परिणाम वाढवण्यासाठी तिच्यात मिसळलेला पदार्थ) दिलेला गटही हवाच. प्राणी एकाच जातीचे, वयाचे आणि लिंगाचे असावेत, गटवाटप चिठ्ठ्यांनी करावे आणि निरीक्षकाला गट माहीत नसावा. निफाडकडचा गारठा जानेवारीत नाशिकच्या प्राणिगृहातही शिरतो; उंदरांच्या प्रतिसादावर तापमानाचा परिणाम होत असल्याने त्याची रोज नोंद ठेवावी.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते. वजन किती घटले की प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचे, ही मर्यादा त्याच अर्जात लिहावी. मृत्यूची वाट पाहणे मला मान्य नाही. बहुतेक वेळा अवयवांतील जंतूंची मोजणी अधिक नेमके उत्तर देते.